आमच्या घरातली दुसरी वायर

स्पीकरच्या पाठीमागं माणसानं कधी बघू नये. समोरून गाणं येतंय तोवर समोर बसावं, मान हलवावी आणि हाक आली की जेवायला उठावं. मी पाठीमागं बघितलं आणि महिनाभरात माझ्या बायकोचं बोचकं तिच्या माहेरच्या जीपमध्ये जाऊन पडलं. मधलं सगळं सांगतो. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, कारण माझ्यावर विश्वास ठेवायची सवय सध्या कुणालाच नाही.

मी बिभीषण. मुरूम गावातल्या एका शाळेत क्लार्क आहे. बायकोचं नाव अयोध्या. (लग्नाच्या वेळी छापखानेवाल्यानं मला दोनदा फोन करून विचारलं होतं, की ही नावं नक्की अशीच छापायची ना.) माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच कबूल करतो. दूधवाल्याचं माप, डॉक्टरचं निदान, हेडमास्तरांचं हसणं, कशावरही माझा लगेच विश्वास बसत नाही. फक्त दोन ठिकाणी मी डोळे मिटून निर्धास्त असायचो. एक अयोध्या आणि दुसरा माझा होम थिएटरचा सेट.

सेट म्हणजे काय, तर एक काळा पेटारा, त्याला रिसिव्हर म्हणतात, तो आवाजाला ताकद देतो. आणि कमरेएवढे उंच दोन स्पीकर. खरं तर अशा रिसिव्हरला चहूबाजूंनी सात स्पीकर लावता येतात. पण दोन आले तेव्हाच अयोध्यानं घर डोक्यावर घेतलं. पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही म्हणाली. शेवटी तिनं एका स्पीकरवर मनी प्लांट ठेवला, दुसऱ्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले आणि मला देवघरापुढं उभं केलं. मी हात जोडून शपथ घेतली, की ह्याच्यापुढं ह्या घरात आवाजासाठी एक वायरसुद्धा आणणार नाही. सासूबाई तेव्हा आमच्याकडंच होत्या, त्या साक्षीदार.

ती शपथ मी पाळलीही असती. पण एका रविवारी माझं पेन घरंगळत स्पीकरच्या मागं गेलं. ते काढायला वाकलो आणि बघतो तर काय, स्पीकरच्या पाठीला वायर जोडायचे चार स्क्रू. मी तर दोनच वापरत होतो. वरचे दोन स्क्रू खालच्या दोघांना पिवळ्या पट्ट्यांनी नुसते जोडलेले होते. मला लगेच शंका आली. चार दिलेत म्हणजे चारांचं काम असणार. मग मला इतकी वर्षं निम्माच आवाज मिळतोय की काय? रिसिव्हरच्या मागं वाकून बघितलं, तर तिथंही जागा रिकाम्या. म्हणजे तिकडं द्यायला जास्त आहे, इकडं घ्यायला जास्त आहे आणि मधल्या मधे मी उपाशी. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही.

आमच्या बाजारपेठेत शंभुलिंग नावाचा माझा मित्र आहे. त्याचं भुसार मालाचं दुकान आहे, पण त्याचं लक्ष तुरीत कमी आणि मोबाइलवरच्या आवाजाच्या व्हिडिओत जास्त. त्यानं ज्वारीच्या पोत्यावर बसून मला समजावलं. स्पीकरच्या पोटात दोन बिऱ्हाडं असतात. वरचं छोटं भोंगं बारीक आवाज काढतं, टाळ, झांज, बांगडी असलं. खालचं मोठं भोंगं जाड आवाज काढतं, पखवाज, ढोल. एरवी एकच वायर दोघांना पोसते. पण त्या पिवळ्या पट्ट्या काढून टाकायच्या, खालच्याला एक वायर, वरच्याला दुसरी वायर अशी रिसिव्हरपासून वेगवेगळी ताकद द्यायची आणि रिसिव्हरला टीव्हीवरच्या मेनूतून तसं सांगून ठेवायचं, की झालं. ह्याला बाय-अँप म्हणतात. शंभुलिंग म्हणाला, एकदा ऐकलं की माणूस माघारी येत नाही.

आता प्रश्न शपथेचा. मी ठरवलं, की अयोध्याला कळू न देता फक्त एक वायर वाढवायची. इवलासा निर्णय होता हो.

शंभुलिंगशी पुढचं बोलणं मी गच्चीवर जाऊन फोनवर करायला लागलो. बाय-अँप, बाय-अँप असं किती वेळा म्हणणार, म्हणून आम्ही नुसतं 'बाय' म्हणायचो. (आमच्याकडं बाईलाही बाय म्हणतात हे मला जन्मापासून ठाऊक आहे. पण माणूस वायरीच्या नादाला लागला की जन्मापासूनचं काय काय विसरतो.) मी गच्चीवर हळू आवाजात बोलतोय आणि अयोध्या वाळत घालायच्या कपड्यांची बादली घेऊन जिन्यात उभी आहे, हे मला फार नंतर कळलं. शंभुलिंगचं बोलणं तिला ऐकू येत नव्हतं. तिच्या कानावर पडलं ते फक्त माझं, आणि ते असं.

"बाय करायचीच म्हणतोय आता. लई दिवसांपासून मनात आहे."

"छे, अयोध्याला कशाला सांगू? ती पहिलीच कशीबशी खपवून घेते."

"नाही नाही, पहिली काढायची नाही. पहिली खाली राहू दे, दुसरी वर."

"घरून कुणी विचारलं तर तू कानावर हात ठेव. मला काही माहीत नाही म्हण."

आमच्या घराला वर एक खोली आहे. तिथं कांदे असतात. त्या दिवशी संध्याकाळी अयोध्यानं ती खोली झाडून काढली, कोपरे न् कोपरे बघितले आणि कुलूप घातलं. मला वाटलं, दिवाळी जवळ आली असेल.

पुढच्या आठवड्यात ती बचत गटाच्या मीटिंगला गेली आणि मी डाव साधला. पिवळ्या पट्ट्या काढल्या. प्रत्येक स्पीकरच्या दोन, अशा चार. हरवू नयेत म्हणून शर्टाच्या खिशात टाकल्या. दुसरी वायर कपाटाच्या मागून नेली, म्हणजे दिसायला नको. मेनूचं काम तेवढं राहिलं. टीव्हीवर इंग्रजीत मुंगीएवढी अक्षरं आली, चष्मा सापडेना आणि रस्त्यावर अयोध्याचा आवाज आला. म्हटलं, ते उद्या बघू. मग तो उद्या काही आला नाही.

पण आवाज लावला आणि माझं मन भरून आलं. काय सांगू. आवाज मऊ झाला होता. आधी कसा कानाला टोचायचा, आता अगदी साय. मी शंभुलिंगला कळवलं, की बारीक आवाज तर इतका तलम झालाय, की आहे की नाही तेही कळत नाही. तो म्हणाला, "मी म्हणलं नव्हतं?" त्यानंतर रोज संध्याकाळी मी डोळे मिटून बसायचो आणि मधेच "वा" म्हणायचो. अयोध्या स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडं बघत असायची. माझा मिटलेल्या डोळ्यांचा, हसरा चेहरा. तिला काय वाटत असेल ह्याचा मी विचारच केला नाही.

हळूहळू तिचं वागणं बदललं. ती माझ्याशी चांगलं वागायला लागली. धपाट्यावर तूप जास्त. दह्यावरची साय मला. शाळेला निघालो की फाटकापर्यंत येऊन उभी. परत आलो की शर्ट हातात घेऊन वास घ्यायची आणि मग धुवायला टाकायची. माझ्यासारख्या संशयी माणसाच्या अंगावर काटा आला. बायको विनाकारण तूप वाढायला लागली, की पुढं काहीतरी वाढून ठेवलेलं असतं. हिला वायरीचा पत्ता लागला, एवढं मी ओळखलं. पण भांडत का नाही? म्हणजे काहीतरी मोठं शिजतंय.

एकदा जेवताना तिनंच विषय काढला. ताटाकडं बघत, सावकाश.

"दुसरी आणायची म्हणताव म्हणं?"

हातातला घास मी ताटात ठेवला. पण मनावरचं ओझं उतरल्यासारखंही वाटलं. म्हटलं, कळलंच आहे तर कशाला लपवा. "आणायची काय, आणली," मी म्हणालो.

"कवा?"

"तू मीटिंगला गेली होतीस तेव्हा."

"ह्या घरात? मंग मला दिसली कशी न्हाय?"

"मागून गेलीय ना. तुला दिसू नये म्हणून मुद्दाम मागून घेतली."

मग तिनं विचारलं, "एकीवर भागत नव्हतं?"

"भागत होतं गं. पण एकीवर फार ताण पडतो. दोघी असल्या की काम वाटून घेतात." मी तिला तांत्रिक बाजू समजावून सांगत होतो. "आणि मला किती बरं वाटतंय सांगू, रोज संध्याकाळी घरी यायची ओढ लागते."

ती ताट घेऊन उठली. मला वाटलं, चला, विषय मिटला. बाई समजूतदार आहे, मीच उगाच घाबरत होतो.

दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरातून तिचा फोनवरचा आवाज आला. मी दाराआड थांबलो. (चोरून ऐकणं वाईट, पण आमच्या घरात तेव्हा तीच पद्धत पडली होती.) ती माहेरी, सास्तूरला, तिच्या वडिलांशी बोलत होती. "रविवारी जीप घिऊन या अन् घिऊन जावा. आता इथं ठिवण्यात काय राम राहिला न्हाय." अयोध्यानंच असं म्हटलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझा मेहुणा ज्ञानोबा. सास्तूरच्या भजनी मंडळाला सप्ताहासाठी स्पीकर पाहिजे होते. मागं एकदा आला तेव्हा माझ्या स्पीकरांवरून त्यानं असा हात फिरवला होता, जसा लोक बाजारात बैलावर फिरवतात. तर हा डाव होता. शपथ मोडली म्हणून माझे स्पीकर माहेरी जाणार होते.

रविवारी सकाळी जीप आली. सासरे, सासूबाई आणि ज्ञानोबा उतरले. सासऱ्यांचं नाव हरिबा, सासूबाई धुरपदाबाई. सास्तुरात कुणाच्या घरात तंटा झाला की लोक हरिबांना बोलावतात. ते दोन्ही बाजू ऐकून घेतात आणि मग एकाला घराबाहेर काढतात. जीपचा मागचा भाग मोकळा ठेवलेला होता, ते मी खिडकीतून बघून ठेवलं. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तर सासूबाईंनी तोंड फिरवलं. जावयाच्या घरचं पाणी नाकारलं म्हणजे हे लोक पक्कं ठरवून आलेत. मी तांब्या ठेवला आणि दोन स्पीकरांच्या मधे पाठ लावून उभा राहिलो.

"पाव्हणं," सासरे म्हणाले, "न्यायला आलोत."

"ठाऊक आहे मामा. पण मी नेऊ देणार नाही. माझा जीव गुंतलाय. मी मुरुमात तोंड दाखवू शकणार नाही."

सासऱ्यांचा चेहरा जरा निवळला. त्यांनी सासूबाईंकडं बघितलं, की बघ, आपण समजत होतो तेवढा काही वाईट नाही. "एवढा जीव हाय तर मंग नीट ऱ्हायला काय झालतं?" ते म्हणाले.

मला वाटलं, म्हातारा नरमतोय. अशा वेळी माणसानं आपणही थोडं खाली यावं. शेवटी सप्ताहाचं काम, देवाचं काम. मी मोठ्या मनानं तोडगा काढला.

"हे बघा मामा, अगदीच अडलं असेल तर एक न्या, एक इथं राहू द्या. मी तेवढ्यावर भागवीन."

सासूबाई पदर तोंडाला लावून उंबऱ्यावरच बसल्या. ज्ञानोबानं बाह्या वर केल्या. आणि आतून अयोध्या आली. हातात बोचकं, डोळे लाल. ती वडिलांकडं वळली.

"ऐकलंव का आण्णा? आता तर तोंडानंच सांगितलं."

तिनं बोचकं ज्ञानोबाच्या हातात दिलं, त्यानं ते जीपमध्ये नेऊन ठेवलं. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की न्यायचं होतं ते वेगळंच होतं. एवढी वर्षं एका घरात काढली, रोज भांडलो, पण अयोध्या नाही असं घर मी कधी मनातही आणलं नव्हतं. ती गेली तर ह्या खोलीत मी आणि दोन स्पीकर. तो विचारच करवेना. मी खरोखर घाबरलो आणि घाबरलेला माणूस दिसतो गुन्हेगारासारखाच.

सासऱ्यांनी फिर्याद ऐकून घ्यायला खुर्ची ओढली. अयोध्यानं सांगायला सुरुवात केली. गच्चीवरचं माझं बोलणं, शब्दाला शब्द. बाय करायचीय, पहिली खाली, दुसरी वर. जेवतानाचं बोलणं, मागून घेतली, दोघी काम वाटून घेतात. माझंच बोलणं तिच्या तोंडून ऐकताना मलाही माझा संशय यायला लागला. मग तिनं पदराची गाठ सोडून चार पिवळ्या पट्ट्या टेबलावर मांडल्या.

"ह्या ह्यांच्या खिशात घावल्या. कुणाच्या तरी दागिन्याच्या हायत. म्या कल्याणप्पा सोनाराला दाखिवल्या. त्यो म्हणला, पितळ हाय, वरनं सोन्याचं पाणी दिलंय." इथं तिचा आवाज चिरकला. "मला तर काय केलं न्हाय, पण तिला तरी खरं करावं का न्हाय माणसानं? तिलाबी खोटंच."

सासूबाईंनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की बाई ठेवल्याचं एक वेळ पोटात घातलं असतं.

मी जीव तोडून सांगितलं. बाय म्हणजे बाई नाही, बाय-अँप. दुसरी म्हणजे वायर. वर आणि खाली म्हणजे भोंगी. पट्ट्या स्पीकरच्या आहेत. मी एक पट्टी उचलून स्पीकरच्या पाठीला लावून दाखवली, ती स्क्रूंत बरोबर बसली. सासरे वाकून बघत होते. म्हणाले, "बसती खरी. पण माझ्या दाराची कडी शेजाऱ्याच्या दारालाबी बसती."

मी म्हणालो, साक्षीदार देतो. शंभुलिंगला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला. म्हटलं, शंभुलिंग, जरा आमच्या मामांना सांग, आपण ज्या बायविषयी बोलत होतो ती काय आहे.

पलीकडून तो जपून म्हणाला, "वहिनी तिथं हायत का?"

"आहे. सगळे आहेत. तू बिनधास्त सांग."

"कसली बाय? मला काय म्हाईत न्हाय. आमी कवा बाय-बिय काय बोललोच न्हाय. बिभीषण देवमाणूस हाय." आणि त्यानं फोन बंद करून टाकला. मी पुन्हा लावला तर लागेना. मीच त्याला पढवून ठेवलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझं ऐकलं होतं.

सासरे उठले. मला वाटलं, संपलं. पण ते भिंतीशी जाऊन त्या स्पीकरकडं बघत उभे राहिले. तंटे मिटवणारा माणूस, त्यांना दोन्ही बाजू तपासल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणाले, "तुमी म्हणताव की दुसरी वायर लावली की आवाजात फरक पडतो."

"जमीन-अस्मानाचा."

"मंग ऐकवा. आधी जुन्या तऱ्हेनं, मागनं नव्या तऱ्हेनं. आमी काय बहिरे न्हाय. फरक कळला तर तुमची ती बाय खरी, अयोध्या इथं ऱ्हाईल. न्हाय कळला तर आमी निघालो."

वाजवायचं काय, तर ज्ञानोबाच्या मोबाइलवर त्यांच्याच मंडळाचं भजन होतं. मागच्या सप्ताहातलं. सासरे त्यात टाळ वाजवतात आणि त्या टाळाचा त्यांना फार अभिमान आहे. मी पट्ट्या बसवल्या, दुसरी वायर काढली, मोबाइल जोडला आणि भजन लावलं. पखवाज घुमला, टाळ खणखणले, मधेच ज्ञानोबाचा खोकलाही आला. सासरे आपल्याच टाळावर मान हलवत होते. सासूबाईंचा पायसुद्धा हलला, मग त्यांना आठवलं की आपण रागावलोय.

आता माझी पाळी. पट्ट्या काढताना घाईत एक दोनदा खाली पडली. दुसरी वायर जोडली. मनात एकच भीती, की ह्या लोकांचे कान तयार नाहीत. इतका तलम फरक, सास्तूरच्या माणसांना कळणार कसा? अयोध्या दाराला टेकून उभी होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. म्हटलं, आपणच त्यांना वाट दाखवली पाहिजे. मी भजन लावलं, डोळे मिटले आणि बोलत सुटलो.

"ऐका मामा, आवाज कसा मोकळा झाला. आता बारीक आवाजाकडं लक्ष द्या. ते टाळ ऐका. आधी कसे कानात घुसत होते. आता बघा, किती नाजूक. असा टाळ मुंबई-पुण्याच्या माणसालासुद्धा ऐकायला मिळत नाही. कळतोय ना फरक?"

मी डोळे उघडले. सगळे माझ्याकडं बघत होते. सकाळपासून माझ्याशी एक अक्षर न बोललेल्या सासूबाईंनी तोंड उघडलं.

"आवो, टाळकरी जेवायला गेले का काय?"

सासरे स्पीकरजवळ गेले, कान लावला, मग दुसऱ्या स्पीकरला लावला. त्यांचा चेहरा पडला. "पखवाज हाय," ते म्हणाले, "पोराचा खोकला हाय. म्या कुठं हाय?"

अयोध्या पुढं आली. तिनं मनी प्लांट उचलून खाली ठेवला आणि वरच्या छोट्या भोंग्याला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "हे वरचं मुकं हाय. ह्याच्यातनं काय येतच न्हाय."

आणि मला मेनू आठवला. रिसिव्हरला मी सांगितलंच नव्हतं, की बाबा, वरच्यालाही ताकद दे. वरचं भोंगं त्या दिवसापासून बंद होतं. जो आवाज मला तलम, मऊ, साय वाटत होता, तो मुळात नव्हताच. मी रोज संध्याकाळी डोळे मिटून त्यालाच "वा" म्हणत होतो. चेहरा लपवायला मी उगाच वायरी बघायला वाकलो आणि तसाच वाकून राहिलो.

"पाव्हणं, उठा," सासरे म्हणाले. "ज्ञानोबा, बोचकं उतरीव."

मी उठलो. "म्हणजे फरक कळला?"

"लई कळला. पर त्याच्यासाठी न्हाय." त्यांनी अयोध्याला जवळ बोलावलं आणि निकाल दिला. "पोरी, मनातला संशय काढून टाक. ज्या गड्याला घरातली एक बंद पडल्याली इतके दिस कळत न्हाय, त्यो दोन काय संभाळतोय? ह्या माणसाच्यानं हुणारं काम न्हाय ते."

सासूबाईंना ते इतकं पटलं, की त्यांनी स्वतः तांब्या घेऊन पाणी प्यायलं आणि अयोध्याला चहा टाकायला सांगितलं. ज्ञानोबानं बोचकं आणून ठेवलं, बाह्या खाली केल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दाजी, मला तर पहिल्यापास्नं खरं वाटत नव्हतं." त्याला ते सहानुभूतीनं म्हणायचं होतं. अयोध्या हसत होती. हसता हसता डोळे पुसत होती. मला रडू येत होतं, पण ती राहिली ह्या आनंदाचं किती आणि अपमानाचं किती, ते वेगळं करता येईना. संध्याकाळी तिनंच चष्मा शोधून मेनू लावून दिला. टाळ परत आले. फरक मात्र जुन्या वायरीपेक्षा काडीचा नाही, हे मी शंभुलिंगला अजून सांगितलेलं नाही.

तेव्हापासून आमच्या घरात पूर्ण शांतता आहे. अयोध्या माझ्या शर्टाचा वास घेत नाही. मी गच्चीवर जाऊन तासभर फोनवर बोललो तरी जिन्यात येत नाही. शाळेतून उशिरा आलो तर कुठं होता असं विचारतसुद्धा नाही. पहिले काही दिवस बरं वाटलं. मग हळूहळू ते मनाला लागायला लागलं. माणूस कितीही सज्जन असला तरी इतका?

परवा न राहवून मीच मुद्दाम विषय काढला. ती चुलीशी भाकरी करत होती. मी सहज म्हणतोय असं दाखवत म्हणालो, की आमच्या शाळेत संगीताला नव्या बाई आल्यात. दिसायला छान आहेत, बोलायला तर फारच गोड. सारखं माझ्याच टेबलापाशी येतात. उद्या मला चहाला बोलावलंय.

अयोध्यानं भाकरी उलटली.

"जावा की," ती म्हणाली. "फकस्त त्यांच्या पेटीला हात लावू नगा."